प्रश्न तुमचे: आजीच्या हाताचं चाडं, किर्लोस्करचा नांगर आणि मेलबर्नला निघालेली रवी

प्रश्न: काका नमस्कार. आमचं मूळ गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळ. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आमचं माळवदाचं घर बसलं आणि त्यात आजी गेली. मी तेव्हा सात वर्षांची होते. घरातलं काहीच हाती लागलं नाही, आजीचा एक फोटोसुद्धा नाही. नंतर सगळे नव्या गावात पुनर्वसनाच्या घरात राहायला गेले. या वर्षी येळवसला (वेळ अमावस्येला) शेतात गेलो होतो, भज्जी-आंबील झाल्यावर भाऊ म्हणाला की जुना गोठा पाडून तिथे शेततळं करायचंय, म्हणून मी सहज आत डोकावले तर कोपऱ्यात कडब्याखाली पेरणीची लाकडी तिफण पडलेली. आत्या म्हणाली, ही तुझ्या आजीचीच, पेरताना चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीवर, मूठ कायम तिचीच असायची, दुसऱ्या कुणाला ती धरू द्यायची नाही. चाड्याची एक बाजू वाळवीने खाल्लीये, कडेला चीर आहे, चाड्याखालचे बांबूचे नळे हातात घेतले की भुगा होतोय, लाकडाला बारीक भोकं पण आहेत. भाऊ म्हणतो जळकं ऑइल फासून ठेव, मुलगी म्हणते पॉलिश करून टेबलवर फळं ठेवायला वापरू, एकाने तर लॅम्प करायचा सल्ला दिला. मी चिंचवडला टू बीएचकेमध्ये राहते. काय करू? गोठा महिन्याभरात पडणार आहे.
(एक वाचक, चिंचवड)

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ज्या माणसाचा फोटो नाही त्याची खूण लाकडावर उरलीये, त्यामुळे आधी मनापासून एक विनंती करतो, चाडं अजून धुऊ नका, पुसू नका, कुणाला घासू देऊ नका.

पहिलं काम असं करा. एखाद्या सकाळी चाडं दारात उजेडात न्या आणि तिरपं धरून त्याची कड बघा. सगळीकडे तासणीच्या खुणा दिसतील, म्हणजे सुताराने वाकसाने काढलेले छोटे छोटे चपटे टवके, आणि एका जागी चार-पाच बोटं रुंद भाग गुळगुळीत, थोडा खोलगट आणि काळपट चमकदार लागेल. ओटीतून बी घेऊन तीन भोकांत सारखं पडेल असं सोडताना तळव्याची कड तिथेच टेकते, तास न तास, दिवसच्या दिवस. तो काळपटपणा मळ नाहीये. घाम, तेल, धूळ आणि वर्षानुवर्षं घासला गेलेला हात, हे सगळं मिळून तयार झालेला थर आहे तो. साबणाने किंवा सोड्याने धुतलं की पाच मिनिटांत जातो आणि परत आणता येत नाही. तसंच पेरणीच्या आधी तिफणीची पूजा होते, तेव्हाचं हळदी-कुंकू खाचांमध्ये अडकलेलं असेल, तेही राहू द्या.

हे मी एवढं ठासून सांगतोय कारण माझ्या घरी झालंय. आजोबांच्या विहिरीवरचं मोटेचं लाकडी चाक मी हौसेने पॉलिशला दिलं होतं. नाड्याने घासून घासून त्याला अंगठा बसेल एवढी खाच पडली होती, एका बाजूला जास्त खोल, कारण आमची मोट जराशी डावीकडे ओढायची असं वडील सांगायचे. दुकानदाराने ग्राइंडर मारून खाच सपाट केली आणि वर चकचकीत व्हार्निश दिलं. त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही, मीच काही सांगितलं नव्हतं. पण ते चाक आता कुणाचंही असू शकतं.

आता गोठा पडायच्या आत करायचं ते. तिफण आहे तशी, आहे तिथे, मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा, शेजारी एक पट्टी ठेवून म्हणजे माप कळेल. मग सुटं करायच्या आधी प्रत्येक भागाला सुती चिंधी बांधून तिच्यावर पेन्सिलने नाव लिहा, दिंड (खालचं आडवं लाकूड), दांडी (बैलांकडे जाणारी), रुमणं (मागची मूठ), फण एक-दोन-तीन, चाडं. स्टिकर नको, त्याचा गोंद लाकडाला लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आत्याला तिफणीजवळ बसवा आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून बोलू द्या. कोणतं रान, कधी जवारी कधी करडई, मागे मोघा (बी सोडायची सुटी नळी) कोण धरायचं, बैलांची नावं काय, तिफण कोणत्या सुताराने केली आणि त्याला खळ्यावर बलुतं किती मिळायचं. तुम्ही मध्ये मध्ये बोलू नका, आत्या थांबल्या तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, थोडं थांबलं की माणूस आपोआप पुढचं सांगतो. लाकूड अजून वीस वर्षं टिकेल पण हे सांगणारं माणूस उद्या असेलच असं नाही, तुम्हाला मी हे सांगायची गरज नाही खरं तर.

आता किडीचं. तुमच्या पत्रावरून दोन वेगळ्या भानगडी दिसतायत. वाळवी जमिनीतून ओल घेऊन येते, मातीचे बोगदे करत. वस्तू जमिनीवरून उचलली, कोरड्या जागी विटांवर ठेवली, बोगदे कोरड्या ब्रशने झाडून टाकले की तिचा ओलीशी संबंध तुटतो आणि ती बहुतेक वेळा तिथेच संपते. बारीक गोल भोकं पाडणारा भुंगेरा मात्र लाकडाच्या आतच राहतो, तो गाडीत बसून तुमच्यासोबत चिंचवडला येईल आणि तुमच्या दिवाणाला लागेल. तो जिवंत आहे का हे कळायला चाडं काळ्या कापडावर ठेवून आठ-दहा दिवस हलवू नका, भोकांखाली पिठासारखा ताजा भुसा पडला तर आत वस्ती आहे असं धरा.

भाऊ म्हणतो ते जळकं ऑइल गावाकडे सगळेच लावतात, गोठ्याच्या खांबाला ठीक आहे, पण घरात ठेवायच्या वस्तूला अजिबात नको. लाकूड कायमचं काळं होतं, वास जात नाही, हाताला लागत राहतं, आणि हाताच्या घासणीची ती चमकसुद्धा त्याच्याखाली गाडली जाईल.

चाडं लहान आहे म्हणून त्याला फार चांगला उपाय आहे, थंडी. आधी चाडं सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी दोन-तीन आठवडे सुकू द्या (उन्हात नको, ओलीतलं लाकूड एकदम तापलं की आहे ती चीर आरपार जाते). मग सुती कापडात गुंडाळून वरून जाड प्लास्टिक, सगळ्या बाजूंनी टेप लावून हवाबंद, आणि दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये, उणे 18 ते उणे 20 डिग्रीला. घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात मावणार नाही, ओळखीच्या डेअरीवाल्याकडे किंवा आइस्क्रीमवाल्याकडे विचारा, थंडीच्या दिवसात त्यांच्या फ्रीझरला जागा असते. बाहेर काढल्यावर एक पूर्ण दिवस उघडायचं नाही, आतलं लाकूड खोलीइतकं गरम होऊ द्यायचं, नाहीतर हवेतला ओलावा त्याच्यावर बसतो. म्युझियमवाले लोकरीच्या आणि लाकडाच्या वस्तूंना हेच करतात, औषध नाही, वास नाही, रंग बदलत नाही.

दिंड आणि दांडी फ्रीझरमध्ये जाणार नाहीत, त्यांना हार्डवेअरच्या दुकानात वाळवी-भुंगेऱ्याचं लाकडाचं औषध मिळतं ते उघड्यावर, हातमोजे घालून, ब्रशने द्या, आधी खालच्या न दिसणाऱ्या बाजूला थोडं लावून डाग पडत नाही ना बघा. चाड्याच्या हात लागणाऱ्या कडेला ते लावायचं नाही.

वाळवीने खाल्लेली बाजू जशी आहे तशी राहू द्या असं माझं मत आहे. फेव्हिकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून भरणारे खूप भेटतील, पण ते एकदा बसलं की निघत नाही, आणि पुढे कुणी जाणकार माणूस भेटला तर त्याच्या हातात काही उरत नाही. चीर वाढत असेल तर गावातल्या सुताराकडून खालून आधाराला एक छोटी पट्टी, चाड्याला खिळा न मारता, सुती दोरीने आवळून बसवून घ्या. नळ्यांचा भुगा कापडी पिशवीत भरून चिठ्ठी घालून ठेवा आणि नवे बांबूचे नळे करून घ्या, नवे आहेत हे दिसलं तर काही बिघडत नाही, उलट दिसावंच.

शेवटी फिनिशिंग. व्हार्निश नको, लॅकर नको, खोबरेल नको, ते कधीच सुकत नाही आणि त्याच्यावर धूळ बसून चिकट थर होतो. मधमाशीचं मेण टर्पेंटाईनमध्ये पातळ करून मऊ फडक्याने अगदी हलका हात द्या, तोही फक्त कोरड्या पडलेल्या भागाला. काही जण जवसाचं तेल लावतात, तेही चालतं, तुमच्याच भागातलं आहे, पण एक धोका माहीत पाहिजे, जवसाचं तेल लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेटतात, खरंच पेटतात, म्हणून बाहेर पसरून वाळवायची किंवा पाण्याच्या बादलीत टाकायची.

फ्लॅटमध्ये आठ फुटी दांडी ठेवणार कुठे हा प्रश्न आहेच. मला विचाराल तर चाडं तुम्ही न्या, बाकी तिफण भावाच्या नव्या शेडमध्ये दगडांवर उचलून ठेवा, आणि न्यायच्या आधी एकदा सगळी जोडून, आत्याला चाड्यावर मूठ धरायला लावून, एक फोटो काढा. तो फोटो चाड्याच्या मागे भिंतीवर लागला की घरी येणाऱ्याला ही वाटी कशाची आहे हे सांगावं लागणार नाही. फळं ठेवू नका, ओल लागते. लॅम्पसाठी भोक तर मुळीच पाडू देऊ नका. स्वयंपाकघराची भिंत आणि बाल्कनी टाळा.

आणि मुलीवर रागावू नका, तिला वस्तू वापरात ठेवायचीये, भावना चांगलीच आहे. तिचा हात एकदा त्या गुळगुळीत जागेवर ठेवून बघा.

प्रश्न: सर, आमची सांगली जिल्ह्यात जुनी वस्ती आहे, आता तिथे कुणी राहत नाही. पणजोबांचा किर्लोस्करचा लोखंडी नांगर बांधावर पडून आहे, पूर्ण गंजलाय, नट हलत नाहीत. चुलतभाऊ भंगारात घालतो म्हणतोय, किलोवर. मला तो वाचवून नव्या फार्महाऊसच्या गेटसमोर चौथऱ्यावर बसवायचाय, सोनेरी ऑइलपेंट मारून. गंज कसा काढायचा आणि कोणता पेंट घेऊ?
(एक वाचक, मिरज)

उत्तर: आधी चुलतभावाचं बघा, कारण भंगारवाल्याचा टेम्पो तुमच्या पेंटची वाट बघणार नाही. नांगर काट्यावर जेवढा भरेल तेवढे भंगाराच्या दराने पैसे आजच त्याच्या हातात द्या, वाद घालू नका. रक्कम मोठी नसते आणि पैसे मिळाले की बहुतेक भावांचा विरोध मावळतो, असा माझा तरी अनुभव आहे.

तुम्ही तर कुंडल रोडच्या जवळचे, आता जिथे किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि 1910 मध्ये तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहिली. सुरुवातीचे नांगर कुणी घेईना, लोखंड जमिनीत घातलं की जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं, दोनेक वर्षं माल पडून राहिला असं सांगतात. तेव्हा ज्याने कुणी असा नांगर पहिल्यांदा रानात घातला असेल त्याने भावकीचं आणि शेजाऱ्यांचं बोलणं ऐकून घेऊनच घातला असेल. तुमच्या पणजोबांनी तो कधी घेतला, नवा की जुना, नांगराला किती बैल जुंपायचे, चार की सहा, हे घरात कुणाला आठवतंय का ते विचाराच. हरळी आणि कुंदा ही तणं खणून काढायला खोल नांगरट लागायची, लाकडी नांगराने ते होत नव्हतं, म्हणून एवढा जड नांगर घ्यायची हिंमत लोकांनी केली.

आता गंज. ग्राइंडर आणि सॅण्डब्लास्टिंग नको. नांगराचे बरेच भाग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात, त्यांच्यावर ओतीव अक्षरं असतात, नाव किंवा नंबर. पांढरा खडू आडवा धरून पृष्ठभागावर हलका फिरवा, उठावाची अक्षरं वर येतील, त्यांचा फोटो काढा. ग्राइंडर मारला तर ती पहिल्या अर्ध्या मिनिटात जातात. गंजाचे सुटे पोपडे बांबूच्या चिपेने काढा, मग पितळी तारेचा ब्रश. खाली कुठे मूळ रंगाचा तुकडा निघाला तर तिथे थांबा, तो तसाच ठेवा.

नटांवर हातोडा चालवू नका. बीड ठिसूळ असतं, वाकत नाही, सरळ तडकतं, आणि ते वेल्डिंगने नीट जोडणारा माणूस सहज सापडत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ रॉकेल नाहीतर डिझेल सोडा, आठवडाभर. तरी हलला नाही तर नट सोडून द्या, नांगर आता चालवायचा नाहीये, नट निघायलाच पाहिजे असं काही नाही.

गंज खरवडून झाल्यावर हिरडा वापरा. वाण्याकडून हिरड्याची पूड आणा, पाण्यात दाट उकळा, गाळा, थंड झाल्यावर ब्रशने लावा. हिरड्यातलं टॅनिन गंजाशी लागून निळसर काळा थर तयार होतो. जुन्या वह्यांतली शाई याच रसायनाची, हिरडा आणि हिराकस. दुसऱ्या दिवशी परत एक हात द्या. पूर्ण वाळल्यावर, लोखंड उन्हाने थोडं गरम असताना, मेण-टर्पेंटाईनचा पातळ थर. वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, हे मेण परत लावायचं. गेटसमोर उघड्यावर ठेवणार असाल तर निदान वर पत्र्याचं छोटं छप्पर आणि खाली दगड पाहिजेत, फाळ मातीत टेकला की तिथून परत गंज चढतो.

सोनेरी पेंटबद्दल मी स्पष्टच सांगतो, मारू नका. पेंटखाली ओल राहिली तर गंज आतल्या आत वाढतो आणि तुम्हाला तीन-चार वर्षांनी फुगे आल्यावर कळतं, हे एक झालं. दुसरं असं की फाळाकडे नीट बघा, मातीत जाणारं टोक एका बाजूला झिजलेलं असेल, लोहाराने दोन-तीनदा शेवटून (तापवून, ठोकून) घेतलेलं दिसेल. सोनेरी रंगात ते टोक आणि कारखान्यातून काल निघालेलं टोक सारखंच दिसणार. काळा हिरड्याचा रंग असेल तर ते गेटमधून आत येतानाच नजरेत भरेल.

पुण्यात असाल तेव्हा केळकर म्युझियम बघून या. दिनकर केळकरांनी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीत ते उभं केलं आणि पुढे सरकारला दिलं. तिथे अडकित्ते, दिवे, दरवाजे, भांडी, सगळ्या माणसांनी रोज हाताळलेल्या वस्तू आहेत, कुणी त्यांना सोनेरी केलेलं नाही, आणि तासभर पाय निघत नाही.

प्रश्न: काका, वस्तीवरच्या घरातली ताकाची मोठी रवी सापडली, आईला तिच्या आईकडून मिळालेली. मी मेलबर्नला असतो, पुढच्या महिन्यात परत जाताना सोबत न्यायची आहे. विमानतळावर अडवतील का?
(एक वाचक, सध्या मुक्काम संगमनेर)

उत्तर: दोन गोष्टी. भारतातून बाहेर नेताना, शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावशेष धरली जाऊ शकते आणि ती बाहेर नेता येत नाही. तुमची रवी आजीच्या लग्नातली असेल तर बहुधा तेवढी जुनी नसावी, पण मनात शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घ्या, आणि एक महिना हातात आहे म्हणून आजच चौकशी करा.

ऑस्ट्रेलियाच्या बाजूला कडक तपासणी असते, विशेषतः लाकूड आणि माती. उतरताना कार्डवर लाकडी वस्तू आहे असं सांगायचंच, लपवली तर दंड बसतो. सालीचा तुकडा, किड्याचं भोक किंवा खाचेत माती दिसली तर ते तुमच्या खर्चाने प्रक्रिया करायला सांगतात, परत पाठवतात किंवा नष्ट करतात. त्यामुळे वरच्या ताईंना सांगितलेला फ्रीझरचा उपाय तुम्ही आत्ताच सुरू करा, दोन आठवडे लागतात आणि त्याआधी रवी कोरडी पाहिजे. भोकांतून ताजा भुसा पडत असेल तर या खेपेला नेऊ नका, आईकडेच ठेवा. भोकं जुनी आणि रिकामी असली तरी अधिकारी अडवू शकतो, ती तयारी ठेवा.

रवीच्या पाकळ्यांच्या बेचक्यात माती आणि वाळलेलं ताक अडकलेलं असतं, ते जुन्या टूथब्रशने आणि बांबूच्या काडीने सगळं काढा, शेवटी भिंगातून बघा. रवीदोर काथ्याचा असेल तर तो नेऊ नका, आईकडे राहू द्या, तिकडे सुती दोरी लावा. सामान चेक-इनमध्ये, हँडबॅगेत नको, एवढा लांब दांडा केबिनमध्ये नेऊ देणार नाहीत. आणि जी माती निघेल ती कागदावर गोळा करून आईच्या तुळशीत टाका.